6,200 वर अडलेलं इंजिन

ती व्ही-8 गाडी माझ्याकडे आली तेव्हा प्लग, कॉइल, इंधनपंप सगळं बदलून झालं होतं. तक्रार मात्र कायम: 6,200 आरपीएमला इंजिन फडफडतं आणि दम सोडतं. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवली, तर ताकदीची रेघ तिथून पुढे करवतीच्या दात्यांसारखी. मिश्रण ठीक, इग्निशन ठीक, कंप्रेशन चोख. मधे कधीतरी जास्त लिफ्टचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा, टाकलाय, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जुन्याच आहेत, हे कळलं आणि माझा संशय तिथेच स्थिरावला.

कॅमचा उंचवटा सरला की व्हॉल्व्हला त्याच्या मागोमाग परत आणायचं काम स्प्रिंगचं. इंजिनाचा वेग वाढला की व्हॉल्व्हच्या जडत्वाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 6,000 वरून 6,800 वर गेलात तर सुमारे 28 टक्के. स्प्रिंग त्याला पुरी पडली नाही तर व्हॉल्व्ह कॅमच्या ताब्यातून सुटतो, सीटवर आपटून उसळतो, आणि नशीब फुटकं असेल तर पिस्टनलाच गाठतो.

हेड उतरवायची गरज नव्हती. पिस्टन अगदी वर आणला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला, म्हणजे स्प्रिंगला व्हॉल्व्हशी अडकवणारं लॉक काढल्यावर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाही. तिसऱ्या सिलिंडरची जोडस्प्रिंग, म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा, हातात आली आणि आतली स्प्रिंग दोन तुकड्यांत निघाली. तुकडे एकमेकांत स्क्रूसारखे फिरून बसलेले, त्यामुळे वरून पाहून कोणालाच पत्ता लागला नसता. बाहेरच्या स्प्रिंगने एकटीने व्हॉल्व्ह धरून ठेवला होता. वेटोळ्यांच्या कडा एकमेकींवर आपटून चकचकीत झाल्या होत्या. नव्या लिफ्टला स्प्रिंगमध्ये जागाच उरत नव्हती.

मालकाने सोबत ड्रॅग रेसच्या स्प्रिंगांचा सेट आणला होता. “सर, यापेक्षा कडक मिळतच नाहीत.” कडक होत्या, वादच नाही. बसवल्यावरची उंची मी मोजली: 45 मिमी. कॅमची लिफ्ट 15, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर उरले 30. या स्प्रिंगची वेटोळी 29.5 वर एकमेकांना टेकत होती. अर्धा मिलिमीटर! मी दीडच्या खाली सहसा जात नाही. शिवाय इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे तेलभरले भाग; एवढ्या दाबाखाली ते तेल सोडून दबतात आणि लिफ्ट, वेळ दोन्ही बिघडतात. गिऱ्हाइकाला “कडक” हा शब्द फार आवडतो, कॅमला नाही.

मी कॅमच्या कार्डावरचा, म्हणजे कॅमसोबत येणाऱ्या आकड्यांच्या कागदावरचा, स्प्रिंगचा दाब घेतला: बंद असताना 60 किलोच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर 160. त्या दाबाची, 28.4 मिमीला टेकणारी जोडस्प्रिंग निवडली. टेस्टरवर एकेक दाबून पाहिली, प्रत्येक व्हॉल्व्हची उंची मोजून शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवली, रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि व्हॉल्व्हच्या तेल-सीलमधलं अंतर तपासलं. स्प्रिंगा हाताळताना पक्कड मात्र लांब. तारेवरच्या बारीकशा ओरखड्यातून तडा सुरू होतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन हळूहळू गरम होऊ दिलं, बंद करून पूर्ण थंड केलं, मगच डायनोवर ताणलं. 6,800 पर्यंत रेघ सरळ चढली. लिमिटर, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, तिथेच ठेवला. मालक अजून दोनशे मागत होता. कॅमचं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं.