जुन्या मासिकावर रमीची जाहिरात

"1880च्या दशकातल्या मासिकावर रमीची जाहिरात? लाज वाटत नाही का?" फोनवर डोंबिवलीचे एक वाचक होते आणि आवाज चांगलाच चढलेला होता. दादरच्या ज्या ग्रंथालयाचं डिजिटल भांडार मी सांभाळतो, तिथे आम्ही एका पैशाची जाहिरात घेत नाही.

आधी वाटलं, सर्व्हर हॅक झाला. फाइली तपासल्या, लॉग चाळले. काहीच हललेलं नव्हतं. ऑफिसच्या इंटरनेटवरूनही पान स्वच्छ दिसत होतं. मग वाचकाकडे होतं त्याच कंपनीचं सिम घालून मोबाइलवर तेच पान उघडलं आणि खालून रमी वर आली! सोर्स पाहिला तर शेवटी स्क्रिप्टची एक परकी ओळ. सर्व्हरवरून निघताना ती नव्हती, वाटेत चिकटवली होती. साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे ब्राउझरपर्यंतच्या बिनकुलपी वाटेवरून, जाणारं पान म्हणजे पोस्टकार्ड: वाटेतला कुणीही वाचणार, वर खरडणारसुद्धा.

"आपलं सगळं सर्वांसाठी खुलं, मग एचटीटीपीएसचं कुलूप कशाला?" हा ग्रंथपाल मॅडमचा जुना मुद्दा. त्या दिवशी त्यांनीच विचारलं, जाहिरात घुसवता येते तर मजकूरही बदलता येईल का? येईल, म्हटलं. मला खरी धास्ती होती ती स्कॅन चढवणाऱ्या मुलांच्या पासवर्डची. तेही त्याच वाटेने उघडे जात होते.

कुलुपासाठी लागणारं, साइटची ओळख पटवणारं 90 दिवसांचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळालं, नूतनीकरण सर्टबॉट या प्रोग्रॅमकडे. भांडार ज्या डीस्पेस सॉफ्टवेअरवर चालतं, त्याचा 8080 पोर्ट (सर्व्हरचं एक दार) बाहेरून बंद करून पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला. इथवर सोपं होतं. पण एचटीटीपीएस चालू होताच पानं उलटायचा व्ह्यूअर कोरा! त्याच्या स्क्रिप्टचे पत्ते थीममध्ये 'एचटीटीपी'सकट लिहून ठेवलेले, आणि सुरक्षित पानावर तशी स्क्रिप्ट ब्राउझर चालूच देत नाही. ते पत्ते हुडकण्यात संध्याकाळ गेली. एचटीटीपीचा 80 पोर्ट मात्र चालू ठेवला, कारण शोधनिबंधांत आमचे जुने पत्ते छापून गेलेत. तिथे येणाऱ्याला 301 या 'पत्ता कायमचा बदलला' संकेताने नव्या पत्त्यावर पाठवतो. 'इथे फक्त एचटीटीपीएसनेच ये' असं ब्राउझरला बजावणाऱ्या एचएसटीएसची मुदत सुरुवातीला पाचच मिनिटं ठेवली. एकदम वर्षाची दिली आणि काही बिनसलं, तर ब्राउझर माघारी फिरू देत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या नोंदी ओएआय या नोंदी देण्याघेण्याच्या ठरावीक पद्धतीने उचलणाऱ्या एका संस्थेची तक्रार आली. त्यांचा प्रोग्रॅम ज्यावर चालतो ती जावा 8u141 या आवृत्तीच्याही आधीची, लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र न ओळखणारी. ती बदलेपर्यंत त्यांच्या आयपी पत्त्यापुरती ओएआयची वाट एचटीटीपीवर ठेवली आहे. त्या वाटेने पासवर्ड जात नाहीत. तरी मॅडम दर सोमवारी विचारतात, "झाली का त्यांची जावा?"