सहाशे कणसं आणि तिसरी ओळ

‘नऊला या, अकरापर्यंत मोकळे व्हाल,’ असं सांगितलं होतं. मोकळा झालो साडेचारला. स्वीट कॉर्नवरच्या कीटकनाशक चाचणीचे प्लॉट बघायला जाणार असाल, तर तिथे प्लॉट बघायचे नसतात, कणसं सोलायची असतात. पाच औषधं आणि एक बिनफवारणीचा, असे सहा प्रकार. प्रत्येकाचे चार प्लॉट, प्रत्येक प्लॉटमधून २५ कणसं. म्हणजे ६००. बोलावताना हे गणित कुणी सांगितलं नव्हतं.

प्लॉटच्या पहिल्या दोन ओळी ठीक. तिसरी मात्र शेताच्या खोलगट भागात, घोट्यापर्यंत चिखल. मका डोक्याच्या वर, वाऱ्याची झुळूक नाही, पानांच्या कडा मानेवर ओरखडे काढतायत आणि तुऱ्यातले परागकण घामावर चिकटतायत. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो होतो, माझंच शहाणपण. ही ओळ टाळू का, विचारलं. चाचणीवाले नाही म्हणाले. प्रत्येक ओळीत सहाही प्रकार चिठ्ठ्या टाकून मांडलेले असतात; एक ओळ गाळली की प्रत्येक प्रकाराचा एक प्लॉट कमी होतो आणि खोलगट जमिनीत औषध कसं चाललं ते कळतच नाही. पटलं. पाय मात्र चिखलातच.

खरा फसलो तो बांधावरून. सगळ्यात हिरवागार, पानाला एक भोक नसलेला प्लॉट मी मनात पहिला नंबर देऊन टाकला होता. कणसं सोलली तर टोकाचे दाणे खाल्लेले आणि ओली विष्ठा. पोंग्यात, म्हणजे वरच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, फवारणी चोख झाली होती, कणसाचे केस बाहेर पडल्यावर हात आखडला होता. कणीस खाणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालतो ती याच ताज्या केसांवर. अळी तिथून आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यात केस रोज वाढतात, कालचं औषध आजच्या वाढीवर नसतं. म्हणून केस बाहेर असताना दोन फवारण्यांत किती दिवसांचं अंतर होतं, हे आधी विचारा; औषधाचं नाव नंतर. बांधावरून दिलेला कुठलाही निकाल बाद.

बहुतेक कणसांत एकच मोठी अळी सापडते. दया नको, बाकीच्या तिनेच खाल्लेल्या असतात.

औषधांचं म्हणाल तर नुसतं लॅम्डा-सायहॅलोथ्रिन माझ्याकडून नापास. अळ्या होत्याच, वर मावा ही रस शोषणारी बारीक कीडही माजलेली, कारण त्याला खाणारे मित्रकीटकही त्याच फवाऱ्यात जातात. क्लोरअँट्रानिलीप्रोल आणि स्पिनेटोरॅमची कणसं त्या दिवशी स्वच्छ निघाली. हे मत तिसऱ्या ओळीतून बाहेर आल्यावरचं आहे. तेव्हा स्वच्छ कणीस हातात आलं की मिठी मारावीशी वाटत होती.

बिनफवारणीचा प्लॉट पहिल्यांदा सोलू नका. तो बघितल्यावर पुढचं सगळंच चांगलं दिसतं. शक्य असेल तर कुठल्या प्लॉटमध्ये काय मारलंय ते मोजणी संपेपर्यंत विचारूच नका. प्लॉटच्या कडेच्या झाडांची कणसं घेऊ नका, तिथे शेजारचा फवारा उडून आलेला असतो. शेवटची फवारणी कधी झाली ते मात्र आत पाय टाकण्याआधी विचारा. फवारल्यावर किती वेळ शेतात जायचं नाही आणि किती दिवस कणीस तोडायचं नाही, हे लेबलवर लिहिलेलं असतं. कितीही गोड दिसलं तरी तिथे दाणा तोंडात टाकायचा नाही.

बाह्या पूर्ण, टोपी, भरपूर पाणी. मोज्यांच्या दोन जोड्या न्या. एक तिसऱ्या ओळीतच राहते.