ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च: बूट धुवायची तयारी ठेवून जा

'एपिंगपासून अकरा किलोमीटर, सगळं सपाट, अडीच तासांत पोचाल,' असं ज्यानं सांगितलं तो बहुतेक ऑगस्टमध्ये गेला असणार. लंडनच्या ईशान्येला एसेक्स परगण्यातलं हे चर्च बघायला आम्ही फेब्रुवारीत गेलो. सव्वाचार तास.

एपिंग हे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनचं शेवटचं स्टेशन, तिथवर ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) चालतं. पुढे एसेक्स वे ही पायवाट. गर्नन बुशेसचं जंगल, एम 11 महामार्गावरचा पूल, मग टूट हिल गाव. इथवर मजेत. खरं दुखणं टूट हिलच्या पुढच्या नांगरलेल्या शेतांत. परभणीकडच्या काळ्या रानातून पावसात चालला असाल तर वेगळं सांगायला नको. एसेक्सची चिकण माती पावलागणिक चिकटते, त्या थरावर दुसरा थर, आणि शंभर पावलांत बुटाचा पाट होतो. काडीनं खरवडायचं, वीस पावलं चालायचं, परत खरवडायचं. माझा डावा बूट एकदा जागीच राहिला आणि मोजा घातलेला पाय पुढच्या सरीत. गड-किल्ले करणाऱ्याला अंतराचं काही वाटणार नाही, पण दम काढते ती माती. नोव्हेंबर ते मार्च हा टप्पा चालूच नका.

त्याऐवजी एपिंगहून बसनं ऑंगर गावी जा, तिथून चर्च पश्चिमेला शेतांमधून जेमतेम दीड किलोमीटर. त्या बसला ऑयस्टर चालत नाही, बँकेचं कार्ड ठेवा. पूर्वी सेंट्रल लाइनच ऑंगरपर्यंत जायची, 1994 मध्ये तो तुकडा बंद झाला. आता त्यावर हौशी लोक जुन्या गाड्या चालवतात, पण रोज नाही. वेळापत्रक बघूनच निघा.

'जगातलं सर्वांत जुनं लाकडी चर्च, सन 845' असं वाचून गेलो होतो. ते 845 विसरा. लाकडातली वर्षांची कडी नव्यानं मोजली तेव्हा झाडं 1063 नंतर तोडल्याचं निघालं. मला क्षणभर फसवल्यासारखं झालं. मग भिंतीला हात लावला आणि राग गेला. ओकचे ओंडके मधोमध चिरून उभे लावलेत, गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. दोन ओंडक्यांच्या कडांना खाच पाडून मध्ये लाकडाचीच पट्टी सरकवली आहे, म्हणजे फटीतून वारा येत नाही. आतल्या बाजूला लाकूड तासायच्या वाकसाचे घाव बोटांना लागतात. खाली मात्र बघा: ओंडके विटांवर उभे आहेत. बुडं कुजली होती, ती 1848 च्या दुरुस्तीत कापून खाली विटा घातल्या. वेदीकडचा विटांचा भाग ट्यूडर काळातला. उत्तरेच्या भिंतीतलं भोक कुष्ठरोग्यांसाठी ठेवलं होतं, ही गोष्ट कुणीतरी ऐकवेलच. मान डोलवा आणि पुढे जा.

मला ओंडक्यांपेक्षा जास्त भिडलं ते वेगळंच. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतली म्हणून 1834 मध्ये सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर माफी मिळाली, परत आल्यावर त्यांच्यातले काही जण इथल्या शेतांवर राहिले. त्यांच्यातल्या जेम्स ब्राइनचं लग्न 1839 मध्ये याच चर्चमध्ये लागलं. म्हणजे ज्या मातीला मी दिवसभर शिव्या घालत होतो, ती त्यांनी कसली.

हे रोजच्या वापरातलं चर्च आहे, रविवारी सकाळी फोटो काढत घुसू नका. आम्ही बूट दारात काढून मोज्यांवरच आत गेलो, देवळात जातो तसे. बाकांवर बसलेल्या आजींनी खाली पाहिलं आणि हसू दाबलं.

परत चालायची ताकद नव्हती, टॅक्सी बोलावली. भाडं 28 पौंड, वर चिखलाचे 10 वेगळे. जाडजूड प्लास्टिकच्या दोन पिशव्या सोबत न्या, बसण्याआधी बुटांवर चढवा.