प्रोव्हान्समधली मेजवानी

आज सुट्टी. दुपारी जेवणं आटोपल्यावर पीटर मेल यांचं ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ हातात घेतलं ते संपवूनच उठले. १९८९ सालचं पुस्तक. जाहिरातीचं क्षेत्र सोडून आलेला हा इंग्रज माणूस बायकोसह दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात, मेनेर्ब गावाजवळच्या २०० वर्षं जुन्या शेतघरात राहायला जातो. लिहायची असते कादंबरी, लिहून होतं घराच्या दुरुस्तीबद्दल! पाइप गोठवून फोडणारा तिथला थंडगार मिस्त्राल वारा, तासन्‌तास चालणारी जेवणं आणि येतो म्हणून गायब होणारे गवंडी-प्लंबर.

शेवट तर किती गोड. काम काही संपेना, तेव्हा बायको युक्ती काढते: ख्रिसमसच्या आधी सगळ्या कारागिरांना घरी मेजवानी, तीही त्यांच्या बायकांसह. आपल्याच नवऱ्याचं काम अर्धवट दिसलं तर? झालं, सगळे धावत आले! मी एकटीच खळखळून हसत होते.

मला सगळ्यात भावलं ते हे, की गावकऱ्यांना तो कुठेही कमी लेखत नाही. हसतो, पण त्यांच्याच पंगतीला बसून. २००२ मध्ये फ्रान्सने मेल यांना लेजियन ऑफ ऑनर हा आपला मानाचा किताब दिला, वाचून फार बरं वाटलं.

ताई, प्रत तुझीच आहे, पण अजून चार दिवस ठेवते गं. जानेवारीचं प्रकरण आईला वाचून दाखवायचंय.