वाडी गुहागरात, फाइल हातात

मी पंचवटीत वाढलो. आमच्याकडे नाशिकला पूर किती आला हे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात : कमरेला लागलं, छातीला लागलं. 2008 च्या महापुरानंतर गोदाकाठी पूररेषा आखल्या गेल्या आणि काकांच्या वाड्याचं नवं बांधकाम अडलं ते अडलंच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. घरात यावरून इतकी भांडणं झाली की हे मला पाठ आहे.

मग गुहागर तालुक्यातली आजोबांची वाडी माझ्या नावावर झाली. पुढे माड, मागे जांभ्याचं पडकं घर. तिथे दोन खोल्या बांधायच्या, एवढंच मनात.

ग्रामपंचायतीत पहिला प्रश्न आला, "सीआरझेडमध्ये येते का?" सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, समुद्रालगतचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा. आपली जमीन त्यात येते का, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर बसवून घ्यावा लागतो. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार, गावात चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असेल (जनगणना 2011 ची) तर भरतीरेषेपासून, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर येतं तिथून, 50 मीटर ना-विकास क्षेत्र (तिथे नवं घर नाही), नसेल तर 200. आमचं गाव विरळ, म्हणजे 200. मी स्वतः टेप धरून ओल्या वाळूपासून मोजलं, 210 भरलं, खूश झालो. नकाशात घर 190 वर. भरतीरेषा वाळूवर नाही, नकाशावर असते!

दोन महिने एका कार्यालयात फाइल सापडेना. ते सोडा.

खरा धक्का नकाशातल्या दुसऱ्याच रेषेने दिला. धोकारेषा. समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्याची झीज धरून भारतीय सर्वेक्षण विभागाने ती आखली आहे. 200 मीटरपलीकडे, जिथे मला परवानगी मिळू शकत होती, ती जागाही या रेषेच्या आत. विचारलं, तर उत्तर : ती आपत्ती व्यवस्थापनासाठी, बांधकाम अडवायला नाही. अधिसूचनेतही तसंच आहे. नाशिकची निळी रेषा वीट रचू देत नाही, इथे समुद्र कुठवर येईल ते दाखवून रेषा गप्प.

शेजारच्या आजोबांनी पाण्याकडे बोट केलं. "तुझ्या आजोबाच्या वेळी पुढे अजून दोन ओळी होत्या माडांच्या."

मी आराखडा बदलला. घर आता रस्त्याला लागून, धोकारेषेच्याही मागे, जोतं तीन फूट उचलून. आत्या मात्र पंचवटीतून फोनवर रोज सुनावते : समुद्र दिसत नाही तर तिथे घर कशाला?