पूर्णविरामानंतर एक स्पेस, आधी एकही नाही

देवस्थानाची स्मरणिका, जत्रेचं पत्रक, होमस्टेचं माहितीपत्रक... कणकवली-कुडाळकडच्या डीटीपीवाल्यांकडे येणारा मजकूर हल्ली गिऱ्हाईकच टाइप करून पाठवतं. त्याचं शुद्धलेखन बघायला गावात एखादे गुरुजी मिळतात. मोकळ्या जागा मात्र कोणी तपासत नाही, आणि पान निम्मं तिथेच बिघडतं.

वाक्य संपलं की स्पेसबार दोनदा दाबायचा, ही सवय इंग्रजी टायपिंगच्या वर्गांतून आली. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी, म्हणून ही युक्ती निघाली असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. १९व्या शतकातल्या छापील इंग्रजी पुस्तकांतही दोन वाक्यांमध्ये जास्त जागा सोडत असत. टाइपरायटरने तीच रीत उचलली. छपाईतून ती पुढे नाहीशी झाली, टायपिंगमध्ये मात्र चिकटून राहिली. २०२० साली मायक्रोसॉफ्ट वर्डनेही इंग्रजीत दोन स्पेस ही चूक म्हणून दाखवायला सुरुवात केली.

खरं तर दोन स्पेसची बाजू इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त भक्कम आहे. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. नवं वाक्य सुरू झालं हे सांगायला फक्त टिंब आणि त्यापुढची मोकळी जागा. मोडीत तर शब्दांमध्येही जागा सोडत नसत, आधी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचं. तरीही दोन स्पेस हा उपाय चुकीचाच, कारण आपल्याकडे टिंब वाक्याशिवाय इतर कामांनाही फार वापरतात.

हे बघा: ‘सकाळी ९ वा. ओटी भरण्यास सुरुवात होईल. संपर्क : श्री. सावंत, मु. पो. मसुरे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.’ यात टिंबं आठ, वाक्यं दोन. ज्याच्या बोटांना दोन स्पेसची सवय आहे, तो ‘वा.’ आणि ‘श्री.’नंतरही दोनदा दाबतो. मग वाचणाऱ्याला वाक्य ‘९ वा.’पाशीच संपल्यासारखं वाटतं. इथे लागते ती नो-ब्रेक स्पेस, म्हणजे जिथे ओळ तुटत नाही अशी जागा: वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस. ‘श्री.’ एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत, असं मग होत नाही. ‘रु. ५००’, ‘ता. मालवण’, ‘९ वा.’ यांनाही तीच. ‘कि.मी.’च्या आत मात्र जागा नको.

दोन स्पेस सर्वांत जास्त नडतात त्या जस्टिफाय केलेल्या अरुंद कॉलमात. १२ पॉइंटच्या मजकुरात एक स्पेस साधारण ३ पॉइंटांची, म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर. ओळ दोन्ही कडांना टेकवताना उरलेली जागा ओळीतल्या सगळ्या स्पेसमध्ये वाटली जाते. जिथे दोन स्पेस आहेत तिथे वाटाही दुप्पट जातो. त्यात ‘ग्रामस्थांच्यावतीने’सारखे लांबलचक शब्द, आणि मराठी शब्द ओळीच्या शेवटी आपण सहसा तोडत नाही. चार-पाच ओळींतली अशी भोकं एकाखाली एक आली की परिच्छेदाला उभी भेग पडते. अशा कॉलमला जस्टिफाय करूच नये, डाव्या कडेला लावून मोकळं व्हावं.

पण माझ्या मते दोन स्पेसपेक्षाही वाईट खोड म्हणजे विरामचिन्हाच्या आधीची स्पेस. ‘यावे ही विनंती !’ तर लग्नपत्रिकेतून हटतच नाही. कान्याला चिकटलेलं टिंब नीट दिसत नाही म्हणून ती सोडतात, हे समजण्यासारखं आहे. पण साधी स्पेस म्हणजे संगणकाला ओळ तोडायची परवानगी. मग पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटं उद्गारचिन्ह नाहीतर टिंब येऊन बसतं. टिंब दिसत नसेल तर फाँट बदला.

साफसफाई क्रमानेच करायची. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून खुणा दाखवा. साधी स्पेस मधल्या ठिपक्यासारखी दिसते, नो-ब्रेक बारीक वर्तुळासारखी. मग कंट्रोल-एच, म्हणजे शोधा-बदला. आधी ‘स्पेस-टिंब’ शोधून नुसतं टिंब ठेवा. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांचंही तसंच. नंतर दोन स्पेस शोधून एक करा, आणि बदलांची संख्या शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. तीन-चार स्पेस एकदम टाकणारे असतातच. नो-ब्रेक अगदी शेवटी. ती आधी टाकली तर तिच्या शेजारची जादा साधी स्पेस या शोधात नीट सापडेलच असं नाही. मधोमध घेतलेल्या ओळींची सुरुवातही बघा. तिथे स्पेसबारने ढकललेलं शीर्षक हमखास एका बाजूला कलतं.

वेबसाइटवर दोन स्पेस टाकल्या तरी ब्राउझर साधारणपणे एकच दाखवतो, त्यामुळे चूक झाकली जाते. तोच मजकूर छपाईला गेला की उघडी पडते.

एक धोका मात्र आहे. ‘अदृश्य खुणा काढा’ असलं बटण किंवा तयार मॅक्रो मराठी मजकुरावर डोळे झाकून चालवू नका. काही मजकुरात ऱ्य हे अक्षर र, हलन्त, शून्य-रुंदीचं जोडचिन्ह आणि य यांनी बनवलेलं असतं. ते जोडचिन्ह स्पेससोबत उडालं की ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. माहितीपत्रकातल्या ‘सह्याद्रीच्या खोल दऱ्या’ मग ‘खोल दर्या’ होऊन छापल्या जातात, आणि स्पेलचेकरलाही त्यात काही खटकत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.