चाळायची प्रत: खान्देशातून हातची पुस्तकं मांडताना

मंडळी, मागच्या नोंदीत केळीच्या कागदाचं सांगितलं होतं. तो कागद आता माझ्या हाताने बनवलेल्या पुस्तकांच्या (आर्टिस्ट बुक, म्हणजे पुस्तक हीच कलाकृती) अंगावर चढलाय आणि पुस्तकं घराबाहेर पडली आहेत. म्हणून या वेळी बनवण्यापेक्षा मांडण्याबद्दलच जास्त.

कागदाचं आधी पटकन उरकते. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरवला की केळीचा खांब कापून बांधावर टाकतात. त्याचा धागा काढून, सोड्यात शिजवून, कुटून केलेला कागद चिवट होतो, पण जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि धाग्यांच्या गाठी वर येतात. असा कागद रिसोमध्ये, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई उतरवणाऱ्या छपाई मशीनमध्ये, घालू नये. म्हणून वेष्टन केळीच्या कागदाचं, त्यावर लिनोचा (कोरलेल्या लिनोलियमचा) ठसा, आणि आतली पानं साध्या मॅपलिथोची, म्हणजे बिनचकाकीच्या छपाईच्या कागदाची. रिसोची शाई मॅपलिथोत मुरते. चकचकीत आर्ट पेपरवर ती बोटाला लागतच राहते. रिसो कुठे मिळेल असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तुमच्या गावात क्लासवाले प्रश्नपत्रिका जिथून छापून घेतात तिथे चौकशी करा. काळ्याच्या जोडीला लाल किंवा निळ्या शाईचा ड्रम असेल तर दोन रंगांचं काम होतं. प्रत्येक रंगाचा मास्टर (स्टेन्सिल) वेगळा, त्यामुळे एक रंग नीट सुकू द्या आणि मगच पानं दुसऱ्यांदा घाला.

आता सारंगखेडा. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी यात्रा घोडेबाजारासाठी लांबलांबपर्यंत माहीत आहे. मारवाडी, काठेवाडी जनावरं तिथे येतात. मी घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांची, म्हणजे केसांच्या गोल वळणांची, छोटी पुस्तिका केली होती. एका ए-फोर कागदाला मध्ये चीर देऊन घडी घातली की आठ पानं होतात, शिलाईही लागत नाही. प्रत्येक पानावर एक घोडा आणि त्याच्या अंगावर कागदाची झडप. झडप उचलली की खाली भोवरा. पंचकल्याणचं पान अर्थात निराळं: चार पाय पांढरे, तोंड पांढरं, तिथे फक्त रंग सोडलेला.

दुकानं पाल ठोकून बसली होती, त्यांच्या ओळीत एक पाट मांडून बसले. घोडे घ्यायला आलेले एक बाबा बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "या घोडाले देवमण कोठे शे ताई?" मी गळ्यावरची झडप उचलून दाखवली. त्यांनी ती स्वतः चार वेळा उचलून पाहिली, मग ओळखीच्या दोघांना हाक मारली. देवमण म्हणजे गळ्याखालचा शुभ मानला जाणारा भोवरा; घोडा पारखताना हात आधी तिथेच जातो. त्या तिघांचा हातही पुस्तकात तिथेच गेला. मग कुठला भोवरा शुभ, कुठला अशुभ यावर जे बोलणं सुरू झालं, ते मी वहीत टिपत राहिले. पुढच्या आवृत्तीला त्यातून आणखी पानं मिळाली आहेत, आणि आठाची घडी आता पुरणार नाही. ज्याच्याबद्दल पुस्तक आहे त्याच माणसाच्या हातात ते पडणं, यासारखं सुख मला या छंदात दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

गॅलरीचा अनुभव अगदी वेगळा. एका कलादालनात माझं आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक ठेवायला मिळालं, पण मांडणी काचेच्या पेटीत. उलगडायची घडीव पट्टी असलेलं पुस्तक, आणि लोक दोनच पानं पाहून पुढे जात होते. मी पेटीशेजारी एक टेबल मागितलं आणि त्यावर दुसरी प्रत ठेवली. पांढरे हातमोजे ठेवू का, असंही विचारलं गेलं. नको म्हटलं. मोज्यांनी बोटांना पान जाणवत नाही, कडा फाटतात. ग्रंथालयांत जुन्या कागदांसाठीसुद्धा आता बहुतेक ठिकाणी स्वच्छ, कोरडे हातच पुरेसे मानतात. टेबलावर एक रुमाल ठेवला, बस.

तेव्हापासून नियमच केला आहे: प्रत्येक कामाची एक प्रत विक्रीबाहेर, फक्त चाळण्यासाठी. ती मळेल, कोपरे वाकतील, झडप तुटली तर पुन्हा डकवायची. गॅलरीशी बोलताना ही अट आधीच लिहून घ्या. विक्रीचा वाटा, पैसे कधी मिळणार, खराब झालेली प्रत कोणाच्या खात्यावर, हेही लिहून घ्या. गॅलरीचा वाटा निम्म्यापर्यंत जातो, त्यामुळे तीस रुपयांची पुस्तिका तिथे ठेवण्यात अर्थ नाही. तिची जागा जत्रा आणि झाइनचे (स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिकांचे) मेळे. मुंबईच्या मेळ्यात तर पैशांपेक्षा अदलाबदलच जास्त झाली, आणि येताना पिशवी जाताना होती तितकीच जड होती.

आवृत्तीला क्रमांक घालावा का, हा प्रश्न दर वेळी निघतो. अमेरिकन चित्रकार एड रुशेने १९६३ साली पेट्रोल पंपांच्या फोटोंचं आपलं पहिलं पुस्तक साध्या ऑफसेटवर काढलं तेव्हा त्या ४०० प्रतींना क्रमांक दिले होते. पुढे त्यानेच ते चुकीचं ठरवलं. त्याला पुस्तक दुर्मीळ वस्तू व्हायला नको होतं. माझं मत असं: रिसोवर छापलेल्याला क्रमांक नको, संपलं की पुन्हा छापा. केळीच्या कागदावर हाताने ठसे घेतलेल्या कामाला द्यावा, कारण तो कागद पुन्हा तसाच निघत नाही. क्रमांक शेवटच्या पानावर, पेन्सिलीने.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जमलं तर एकदा जाच. शंकरराव देवांनी आयुष्य घालून जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत. आपण ज्याला आर्टिस्ट बुक म्हणतो त्याची बांधणी शिकायला पोथीसारखी शाळा नाही. आडवी सुटी पानं, वर-खाली फळ्या, आणि भोवती कापड. शिलाईच नाही, तरी शेकडो वर्षं टिकते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू, म्हणजे पोथी उतरवून काढणारे, एक श्लोक लिहीत: "तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम्॥" तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा, ही तीन वचनं मी मनापासून पाळते. चौथं मला मान्य नाही. पुस्तक कोणाच्या हातात द्यायचं नाही हे बनवणाऱ्याने ठरवू नये. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत, 'छात्रालय' त्याचं नाव. हाताने लिहिलेला कागद आणि वाचायला सारी मुलं, हीच वाट मला जवळची वाटते.

आता ओव्यांचं पुस्तक पोथीच्या बांधणीत नव्याने करते आहे, म्हणजे आजीने दळताना जसा क्रम बदलला तसा वाचणाऱ्यालाही बदलता येईल. फळ्यांसाठी सागाचे पातळ तुकडे मिळाले आहेत. खळ मैद्याचीच, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात कसर लागते. मात्र मोरचूद विषारी आहे, खळीचं भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

चाळायच्या प्रती गावच्या सार्वजनिक वाचनालयांत ठेवायचं बोलणं सुरू केलंय. धुळे, नंदुरबार, भुसावळ भागात कोणी ग्रंथपाल ओळखीचे असतील तर जरूर सांगा. प्रत मी स्वतः आणून देईन. आणि सागाला आतून काय लावता, तेल की मेण? मला मेण बरं वाटतंय, तेल पानांत उतरेल अशी भीती आहे. कोणी करून पाहिलं असेल तर कळवा, फळ्या घासायच्या थांबवून ठेवल्या आहेत.